मला मोठं व्हायचंय, हे देवाला सांगायची लाज वाटते

पत्र:

ताई, मी 32 वर्षांची आहे आणि एका कंपनीत 9 वर्षं काम करतेय. आमच्या डिपार्टमेंटच्या हेडची पोस्ट रिकामी होतेय आणि मला ती हवीये, खरं सांगायचं तर खूप हवीये. मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 6 वर्षं संडेस्कूलचा वर्ग घेते. ही पोस्ट मिळाली तर प्रवास वाढेल, महिन्यातले एकदोन रविवार जातील. प्रार्थना ग्रुपमधल्या एका काकांना सांगितलं तर ते म्हणाले, जगाच्या मागे लागलीस, आधी देवाचं राज्य शोध. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, देवाची मुलं डोकं असतात, शेपूट नाही, ती पोस्ट विश्वासाने क्लेम कर. नवरा म्हणतो तुला हवं ते कर पण हल्ली तुझ्या चेहऱ्यावर शांती दिसत नाही. रात्री प्रार्थनेला बसले की या पोस्टबद्दल देवाशी बोलायचीच लाज वाटते, मग मी बाकी सगळ्यांसाठी प्रार्थना करते आणि झोपते. अजून एक, त्याच पोस्टसाठी माझी एक कलीगसुद्धा आहे, आणि तिचं काही चुकलं की मला आतून बरं वाटतं. कधीकधी वाटतं नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेतच जावं म्हणजे हा प्रश्नच संपेल. महत्त्वाकांक्षा आणि विश्वास यांचा बॅलन्स कसा ठेवायचा? इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे. (नाव छापू नये)

उत्तर:

बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडकले. तू काकांना सांगितलंस, मैत्रिणीला सांगितलंस, नवऱ्याला सांगितलंस, मला तर इतकं मोठं पत्र लिहिलंस, आणि ज्याला सांगायला हवं त्यालाच सांगितलं नाहीस. लाज वाटते म्हणून. बाकीच्या सगळ्या प्रश्नांवर मी बोलणार आहे पण आधी हे बोलूया, कारण मला वाटतं तुझी शांती पोस्टमुळे गेलेली नाही, या लपवालपवीमुळे गेलीय.

बायबलमधलं स्तोत्र 139 तुला पाठ असणार. जिभेवर शब्द यायच्या आधीच त्याला कळलेला असतो. मग तू रोज रात्री आजारी लोकांसाठी, शेजाऱ्यांसाठी, मंडळीसाठी प्रार्थना करून दिवा घालवतेस तेव्हा नक्की कोणापासून काय लपतं? देवापासून तर काहीच नाही. तूच तुझ्यापासून लपतेस फक्त. आणि त्या बाकीच्या प्रार्थनासुद्धा मग जरा कोरड्या होतात गं, कारण मन दुसरीकडेच असतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला 10वा अध्याय काढ. त्यात एक गोष्ट आहे जी मी स्वतः कितीतरी वर्षं वाचून पुढे जायचे आणि लक्षातच यायची नाही. त्या एका अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? पहिल्यांदा विचारतो जब्दीच्या मुलांना, याकोब आणि योहानला. ते म्हणतात, तुझ्या गौरवात आम्हाला तुझ्या उजव्या आणि डाव्या हाताला बसव. म्हणजे सरळ सरळ पोस्टच मागितली, आणि मागायची वेळ तरी कोणती, यरुशलेमच्या रस्त्यावर, नुकतंच त्याने तिसऱ्यांदा सांगितलं होतं की मला मारून टाकणार आहेत. दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारतो बार्तीमयला, रस्त्याच्या कडेला बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याला, आणि तो म्हणतो मला दिसू दे. एकाला मागितलेलं मिळालं, दोघांना नाही मिळालं. पण तोंड उघडून सांगितलं म्हणून तिघांपैकी एकालाही त्याने हाकलून दिलं नाही. आधी बोलू दिलं, मग उत्तर दिलं. भावांना तर एवढंच म्हणाला की तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाहीये.

तर आज रात्री सगळ्यात आधी हे कर. मोठमोठे शब्द नकोत, 'तुझी इच्छा असेल तर' वगैरे सुरुवातीलाच जोडायची घाई पण नको. ते नंतर येऊ दे, खरंच आलं तर. फक्त सांग की प्रभू मला ती पोस्ट हवीये आणि ती या या कारणांसाठी हवीये. कारणं सगळी सांग, चांगली पण आणि लाज वाटणारी पण. पगार हवाय, सांग. काम जमतं हे सिद्ध करायचंय, सांग. त्या कलीगला मिळू नये असं वाटतं, हेही सांग. मूल होत नव्हतं ती हन्ना मंदिरात इतकी जीव तोडून मागत होती की एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे, आणि ती प्रार्थना शास्त्रात लिहून ठेवलीय. तुझी शहाणी, नीट घडी घातलेली प्रार्थना मला त्यापुढे काळजीची वाटते.

आता त्या दोन भावांकडे परत येते कारण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं, म्हणजे नोकरी सोडून सेवेत जाऊ का याचं उत्तर तिथेच आहे. हे दोघं काय मागत होते बघ. राजवाड्यातली खुर्ची नाही, व्यापार नाही. देवाच्या राज्यातली जागा मागत होते. घरदार, बापाची होडी, धंदा, सगळं सोडून आलेली माणसं होती ती, आजच्या भाषेत पूर्णवेळ सेवेतली! तरी पहिल्या नंबरची भूक तशीच्या तशी बरोबर आली होती, फक्त तिने कपडे बदलले होते. आणि बाकीचे दहा जण चिडले ते काय नम्रतेमुळे चिडले असतील असं मला तरी वाटत नाही.

म्हणून सांगते, मंडळीत आलं की महत्त्वाकांक्षा धुतली जाते या भ्रमात राहू नकोस. मी स्वतः 11 वर्षं उपासनेत गाणारा ग्रुप चालवला. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं काय सेवाभाव आहे, आणि आतून मी मोजत बसायचे की आज पाळकसाहेबांनी आभार मानताना माझं नाव घेतलं का, आणि एक नवीन मुलगी आली जिचा आवाज माझ्यापेक्षा खूप गोड होता तर मी तिला दोन वर्षं सोलो दिला नाही, कारण काय तर तिची आध्यात्मिक वाढ अजून व्हायचीय. हे मी तेव्हा खरंच मानत होते गं, तेच तर भयंकर आहे. ऑफिसात निदान सगळ्यांना माहीत असतं की प्रमोशनची स्पर्धा चाललीय. मंडळीत तीच स्पर्धा प्रार्थनेच्या भाषेत चालते आणि पकडायला फार कठीण जाते.

आणि येशूने त्या भावांना उत्तर काय दिलं तेही नीट बघ. मोठं व्हायची इच्छाच सोडा असं तो म्हणाला नाही. तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं, असं म्हणाला. मोठं होण्याचा रस्ताच उलटा फिरवला. आणि पुढे पाच अध्यायांनी, जेव्हा त्याला वधस्तंभावर टांगलं, तेव्हा मार्क मुद्दाम लिहितो की त्याच्याबरोबर दोन लुटारू होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्या भावांनी मागितलेल्या जागा! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसले होते. तू मागतेयस त्या खुर्चीत बसल्यावर तुझ्या हाताखालच्यांच्या चुकांचं खापर स्वतःच्या डोक्यावर घ्यावं लागेल, क्रेडिट मात्र वाटून टाकावं लागेल, कोणाला नाही म्हणून सांगावं लागेल आणि मग त्याच्या घरच्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन रात्री झोप येणार नाही. ही बाजू पण तुला हवीये का, का फक्त दारावरची पाटी हवीये? याचं उत्तर मला नको देऊस. पण इंटरव्ह्यूच्या आधी स्वतःला दे.

महत्त्वाकांक्षा हा शब्द आपण सरसकट वाईट म्हणून वापरतो, पण नव्या करारात त्यासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक मला फार उपयोगी पडला. एक आहे एरिथेया. फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो तट पाडण्याच्या, स्वार्थाच्या भावनेने काही करू नका, तिथे हा शब्द आहे, आणि याकोबाच्या पत्रात 3ऱ्या अध्यायात तो मत्सराच्या जोडीला येतो. पौलाच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने हा शब्द पद मिळवण्यासाठी केलेल्या लटपटींना वापरला होता. दुसरा शब्द आहे फिलोतिमेओमाई, शब्दशः मानाची आवड असणं, म्हणजे एखादी गोष्ट आपला मान समजून जीव ओतून करणं. हा पौल स्वतःबद्दल वापरतो! रोमकरांस 15व्या अध्यायात म्हणतो, जिथे ख्रिस्ताचं नावसुद्धा पोचलं नाही तिथे जाऊन सुवार्ता सांगायची ही माझी आकांक्षा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 5व्या अध्यायात, प्रभूला संतोष द्यायची आकांक्षा. आणि तिसऱ्यांदा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 4थ्या अध्यायात तो लोकांना सांगतो की शांतपणे राहण्याची, आपलं काम बघण्याची, स्वतःच्या हाताने काम करण्याची आकांक्षा धरा. नव्या करारात हा शब्द या तीनच ठिकाणी आहे. एकदा जगाच्या टोकाला जायचं, एकदा मालकाला खूश करायचं, आणि एकदा गुपचूप आपलं काम नीट करायचं. तिन्हींना शब्द एकच. म्हणजे झेप मोठी की छोटी हा मुद्दाच नाहीये.

म्हणूनच तुझा बॅलन्स हा शब्द मला खटकतो. तराजू म्हटलं की एका पारड्यात देव आणि दुसऱ्या पारड्यात नोकरी, मग दर आठवड्याला बघायचं कुठलं खाली गेलं, आणि उपासना चुकली की उपास करून भरपाई करायची. देवाला एका पारड्यात बसवता येत नाही गं. तो संडेस्कूलच्या वर्गात जितका तुझा मालक आहे तितकाच त्या मीटिंग रूममध्ये आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला असं ज्याच्याबद्दल म्हटलंय तो बसालेल कोण होता माहितीये ना? संदेष्टा नव्हता, याजक नव्हता. सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांचं काम करणारा कारागीर होता. देवाने त्याला कौशल्य दिलं असं शास्त्र म्हणतं, आणि कौशल्य दिलंय म्हटल्यावर ते वापरावं, वाढवावं, त्याची जबाबदारी घ्यावी असं वाटणं यात मला काही पाप दिसत नाही.

काकांबद्दल एक शब्द. ते तुझ्या भल्यासाठीच बोलले असतील, त्यांच्यावर रागावू नकोस. पण 'आधी देवाचं राज्य' हे वचन मत्तयच्या 6व्या अध्यायात खाण्यापिण्याच्या आणि कपड्यांच्या काळजीवर बोलताना आलंय, आणि 'आधी' म्हणजे आधी, 'फक्त' नाही. शिवाय तोच अध्याय सुरू होतो ते लोकांनी बघावं म्हणून दान आणि प्रार्थना करणाऱ्यांपासून, ते ऐकायला आपल्याला आवडत नाही. मैत्रिणीचं डोकं आणि शेपूट बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 28व्या अध्यायातलं आहे, तिथे देव इस्राएलच्या अख्ख्या राष्ट्राशी केलेल्या करारातल्या अटी सांगतोय, आणि आशीर्वादांपेक्षा शापांची यादी कितीतरी लांब आहे. त्यातून कोणाच्या प्रमोशनची पावती फाडता येत नाही. आणि समज तू क्लेम केलंस आणि तिनेही क्लेम केलं, ती कलीगही प्रार्थना करणारी असेल तर? मग देवाने कोणाचा विश्वास जास्त आहे ते मोजत बसायचं का? हे शिक्षण माणसाला आधी फुगवतं आणि नंतर, पोस्ट नाही मिळाली की, माझाच विश्वास कमी पडला म्हणून चिरडून टाकतं. असं चिरडलेली माणसं मी जवळून पाहिलीत, म्हणून जरा कडक बोलतेय.

नोकरी सोडायच्या विचारावर अजून एक सांगते. विल्यम विल्बरफोर्स 1780 साली 21 व्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आला. हुशार, बोलण्यात पटाईत, पुढे जायची प्रचंड हौस. 1785 मध्ये त्याचा ख्रिस्तावरचा विश्वास जागा झाला आणि त्याला वाटायला लागलं की आता राजकारण सोडावं, हे सगळं घाणेरडं आहे. तो गुपचूप जॉन न्यूटनला भेटायला गेला, म्हणजे तोच जो तरुणपणी गुलामांची जहाजं चालवायचा आणि नंतर पाळक झाला. कोणी बघू नये म्हणून इतका धास्तावला होता की आत जायच्या आधी त्या चौकाला एकदोन फेऱ्या मारल्या. (तुझी लाज वाचून मला तोच आठवला.) न्यूटनने त्याला सांगितलं, आहेस तिथेच राहा. दोन वर्षांनी त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचं काम हातात घेतलं. 1791 मध्ये त्याचं बिल 163 विरुद्ध 88 मतांनी पडलं, नंतर पुन्हा पुन्हा पडत राहिलं, आणि 1807 मध्ये पास झालं. आता तू म्हणशील ताई, तो गुलामगिरी संपवत होता, मी फक्त डिपार्टमेंट चालवणार आहे. बरोबर आहे, तुझ्या कामाला मी उगाच तेवढं मोठं करणार नाही. पण हेही बघ की 1785 मध्ये त्याला तरी कुठे माहीत होतं पुढे काय करायचंय. त्याला फक्त एवढं कळलं होतं की मला बोलता येतं आणि मी इथे बसलोय.

आणि त्याची हाव काही न्यूटनला भेटून संपली नाही, हे मला सगळ्यात जास्त धीर देतं. 1801 मध्ये नवं मंत्रिमंडळ बनत होतं आणि आपल्याला मंत्रिपद मिळेल का या विचाराने तो पुन्हा अस्वस्थ झाला, विश्वासात येऊन 15 वर्षं झाल्यावर! त्याने डायरीत लिहिलंय ते साधारण असं की रविवारच्या विश्रांतीबद्दल देवाचे आभार, त्या दिवशी जगातल्या गोष्टी आपल्या खऱ्या आकाराच्या दिसतात आणि महत्त्वाकांक्षा खुजी होते.

इथेच तुझा रविवारचा प्रश्न येतो. माझं सरळ मत सांगते, महिन्यातले एकदोन रविवार गेले तर तू विश्वासातून पडलीस असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटलात ड्युटी करणारे, गाड्या चालवणारे कितीतरी विश्वासू लोक रविवारी कामावर असतात आणि त्यांच्यावर कोणी बोट ठेवत नाही. पण दिवस कुठलाही असो, हात थांबवायचा दिवस हवाच, ही गोष्ट मी सोडणार नाही. निर्गमच्या 16व्या अध्यायातला मान्ना आठव, रानात देव इस्राएल लोकांना द्यायचा ते अन्न. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि सातव्या दिवशी बाहेर पडायचं नाही. तरी काही जण सातव्या दिवशी टोपली घेऊन गेलेच, आणि काही मिळालं नाही. ती माणसं मला फार ओळखीची वाटतात. आपण थांबलो तरी जग चालतं, आपल्या मुलांच्या ताटात पडतं, हे आठवड्यातून एकदा अंगाला कळावं लागतं. ज्या पोस्टमध्ये असा एकही दिवस शिल्लक राहत नसेल ती पोस्ट कितीही मोठी असली तरी मी तुला घे म्हणणार नाही.

तेव्हा इंटरव्ह्यूमध्ये हे विचार. आधीच गृहीत धरून घाबरू नकोस. महिन्यातले किती रविवार, किती दिवस आधी कळेल, त्याच्या बदली सुट्टी मिळते का, प्रवासाचं प्लॅनिंग कोणाच्या हातात असतं. विचारल्यामुळे तू कमी कमिटेड दिसशील अशी भीती वाटेल, पण दोन महिन्यांनी रडत सांगण्यापेक्षा आधी नीट विचारलेलं कुठल्याही चांगल्या बॉसला आवडतं. आणि जर नुसतं विचारलं म्हणून त्यांचा चेहरा उतरला तर तुला त्या खुर्चीबद्दल फुकटात बरंच काही कळलं.

संडेस्कूलच्या मुलांना मात्र तुझ्या वेळापत्रकाचा फटका बसता कामा नये. मुलांना आज टीचर येणार की नाही हे माहीत नसणं फार वाईट असतं. 6 वर्षं तू एकटीच वर्ग घेतेयस का? मग पोस्ट मिळो न मिळो, जोडीला कोणीतरी तयार करायलाच हवं होतं, आणि तुझ्याशिवाय तो वर्ग चालणार नाही असं तुला वाटत असेल तर तीसुद्धा एक पोस्टच झाली बरं का.

आता ती कलीग. हे तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस, पण मला वाटतं सगळ्यात जास्त काम इथे आहे. तिचं चुकलं की तुला बरं वाटतं. मला हे माहीत आहे. माझ्या आयुष्यात एक पद होतं, कुठलं ते राहू दे, जे मला हवं होतं आणि माझ्या जवळच्या मैत्रिणीला मिळालं. मी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली, पेढे मीच वाटले, आणि मग चार महिने मला तिचं नाव घेऊन प्रार्थना करता येईना. नाव तोंडात आलं की गळा आवळल्यासारखा व्हायचा. पोस्ट गेल्याचं दुःख मला समजत होतं पण हे बघून मी हादरले, कारण मग कळलं की ती पोस्ट माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं, मी कोण आहे हेच मी त्या पोस्टवरून ठरवत होते आणि म्हणून जिला ती मिळाली तिने जणू माझा जीवच काढून नेला होता.

इस्राएलचा राजा शौल आणि त्याचा तरुण योद्धा दावीद, त्यांच्यात शौलाची गोष्ट अशीच बिघडत गेली. 1 शमुवेलच्या 15व्या अध्यायात तो लढाई जिंकून स्वतःसाठी स्मारक उभारायला गेलेला दिसतो, आणि 18व्या अध्यायात बायका गाणं म्हणतात की शौलाने हजार मारले, दावीदाने दहा हजार, आणि त्या दिवसापासून त्याची नजर दावीदावर वाकडी होते. लढाई दोघांनी मिळूनच जिंकली होती ना? शत्रू हरला होता ना? पण त्याला आता लढाईचं काही पडलंच नव्हतं, फक्त आकडा ऐकू येत होता. तुला तुझ्या डिपार्टमेंटचं भलं हवंय ना, मग त्या कलीगने एखादी गोष्ट छान केली तर डिपार्टमेंटचं भलंच झालं. ते झाल्याचं तुला वाईट वाटत असेल तर तू नक्की कशासाठी पळतेयस ते जरा थांबून बघ.

काय करायचं? आजपासून इंटरव्ह्यूपर्यंत रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना कर. तिचा इंटरव्ह्यू चांगला जावा, तिची तब्येत चांगली राहावी, तिच्या घरी सगळं ठीक असावं. पहिले दोनतीन दिवस खोटं वाटेल, शब्द दातांत अडकतील, तरी कर. भावना आली नाही म्हणून थांबू नकोस. आणि एक प्रत्यक्ष गोष्ट पण कर, तिच्याबद्दल एक खरं, चांगलं वाक्य ऑफिसात कोणासमोर तरी बोल, जिथे बोलल्याने तुझा काहीच फायदा नाही. मला मैत्रिणीशी नीट बोलता यायला जवळपास वर्ष गेलं. तुझं लवकर होईल कारण तू आधीच ओळखलंयस.

नवऱ्याला हे सगळं सांग, कलीगचं सुद्धा. तो शांती दिसत नाही म्हणाला म्हणजे तो बघतोय तुझ्याकडे, ही केवढी मोठी गोष्ट आहे. त्याला एवढंच विचार की पोस्ट मिळाली तर सहा महिन्यांनी तू मला खरं खरं सांगशील का की मी घरी कशी वागतेय. आणि त्याने जे सांगितलं त्यावर वाद घालायचा नाही असं आधीच ठरव. आपण बदललोय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं, घरच्यांना पहिल्या महिन्यात कळतं.

आणि पोस्ट नाही मिळाली तर? तू याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मीच काढते. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. कानांना कमी ऐकू येत होतं म्हणून ते शिक्षण होऊ शकलं नाही. त्याच वर्षी त्यांचा तिकडे बाप्तिस्मा झाला. देवाच्या जवळ आल्या आणि हवी होती ती गोष्ट हातातून गेली, दोन्ही एकाच वर्षात. मी असं म्हणत नाहीये की एक दार बंद झालं की दुसरं मोठं उघडतंच, तसं दरवेळी होत नाही आणि ज्याचं दार नुकतंच बंद झालंय त्याला हे ऐकवणं निर्दयपणा आहे. त्यांना तेव्हा वाईटच वाटलं असणार. नंतर त्यांनी स्त्रियांसाठी, विधवांसाठी जे उभं केलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्यांचं शेवटचं मोठं काम जास्त आठवतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, वर्षानुवर्षं खपून, आणि 1922 मध्ये त्या गेल्या तोवर ते काम चालू होतं. शिकायची ती भूक मेली नव्हती. डॉक्टर व्हायला निघालेली तीच बाई होती ती.

म्हणून नाही मिळाली तर दोन दिवस रड. खरंच रड, 'देवाची इच्छा' म्हणून लगेच झाकण लावू नकोस. मग ज्या कारणांची यादी तू आज रात्री देवाला सांगणार आहेस ना, ती पुन्हा काढ आणि बघ त्यातलं काय काय अजूनही आहे त्याच खुर्चीत बसून करता येतं. मला वाटतं निम्म्याहून जास्त येईल. उरलेलं त्याच्याशी भांडून माग, परत माग.

इंटरव्ह्यूला नीट तयारी करून जा. प्रार्थना केलीय म्हणून आकडे पाठ केले नाहीत असं नको. यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधायला निघालेल्या नहेम्याने कितीतरी महिने उपास आणि प्रार्थना केली होती, पण तो ज्याच्या चाकरीत होता त्या राजाने तुला काय हवंय असं विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं, किती दिवस लागतील, कोणकोणती पत्रं लागतील, लाकूड कुठून आणायचं, सगळं. आणि राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्या मधल्या त्या एका श्वासात त्याने पुन्हा देवाकडे प्रार्थना केली असं नहेम्याच्या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात लिहिलंय. तूही आत शिरताना तेवढीच कर. आणि संडेस्कूलला जोडीला कोण येईल त्यांना फोन आजच कर, इंटरव्ह्यूनंतर नको, म्हणजे निकालाचा त्याच्याशी काही संबंध राहणार नाही. काय झालं ते मला कळव, कसंही झालं तरी. तोपर्यंत रोज सकाळी तुझं नाव माझ्या प्रार्थनेत आहे, आणि तुझ्या त्या कलीगचं पण, नाव माहीत नसलं तरी.